आधी आपली पट्टी शोधा: पन्नाशीनंतर गाणं-वाजवणं सुरू करणाऱ्या सोलापूरकरांसाठी

मी पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, पहिल्यांदा हात लावला तेव्हा ५२ वर्षांचा होतो. त्याआधीची तीस वर्षं सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात गेली. बोटांना ओळख होती ती कॅल्क्युलेटरच्या बटणांची. शाळेतल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "काय बे, ह्या वयात सारेगम करलालास?" आमच्याकडे कौतुकही याच शब्दांत होतं, म्हणून मी ते कौतुक धरून चाललो.

आता सात वर्षं झाली. मी वादक वगैरे झालेलो नाही. एकादशीच्या भजनाला पेटीवर बसतो, घरी संध्याकाळी भूप राग वाजवतो, चुकतो, पुन्हा वाजवतो. एवढ्यात मला जे सुख मिळतं ते सांगायला गेलो तर लेख तिथेच संपेल. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. ज्यांना स्टेजवर जायचंय त्यांनी दुसरीकडे चौकशी करावी. ज्यांना घरात, देवळात, चार माणसांत गायचं-वाजवायचं आहे त्यांच्यासाठी हे.

पायरी पहिली: काय शिकायचं

लहानपणी जे राहून गेलं ते शिका, असं सगळे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण अर्धा. लहानपणी सतार राहून गेली म्हणून पंचावन्नाव्या वर्षी सतार घेतली आणि मांडी घालून दहा मिनिटं बसता येत नाही, असे दोघे मला माहीत आहेत. व्हायोलिनचं नाव कोणी काढलं तर मी विषय बदलतो. त्यावर पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, सूर नेमका कुठे आहे ते कानानेच शोधायचं. पहिली दोन वर्षं घरच्यांची परीक्षा.

माझ्या मते नवख्यासाठी चार वाटा सोप्या: गळा, पेटी, तबला आणि टाळ. बासरी पाचवी. ती स्वस्त आहे, पिशवीत मावते, पण फुंक जमेपर्यंत धीर लागतो आणि पहिल्या आठवड्यात चक्कर येते. घाबरू नका, जोराने फुंकल्यामुळे येते. पाच मिनिटं थांबायचं.

टाळाला कमी लेखू नका. ज्याला काय शिकावं हेच कळत नाही त्याने सरळ एखाद्या भजनी मंडळात जाऊन मागच्या रांगेत टाळ घेऊन बसावं. फी नाही, वाद्य विकत घ्यायचं नाही, कोणी "आधी काय शिकलात?" विचारत नाही. तीन महिन्यांत लय अंगात मुरते आणि आपल्याला पुढे गायचंय की वाजवायचंय हेही तिथेच उमगतं. आमच्या घरात हे असंच घडलं. मी पेटीच्या क्लासला गेलो आणि सौ. माझ्यासोबत नुसती बसायला म्हणून मंडळात आली. आज ती टाळावर माझ्यापेक्षा पक्की आहे. मी लय सोडली की टाळ थोडा जोरात वाजतो. मान वर करून बघायची गरज पडत नाही, कोणाचा टाळ ते मला कळतं.

शिवाय सोलापूरकर लय शिकायला अगदी कोरा येत नाही. ज्याने पोरवयात गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळली, हलगीवर पाय टाकले, त्याच्या खांद्यांना चार मात्रा आधीच पाठ असतात. मी राहतो त्या भागात घरामागे माग आहेत, खरोखरचे यंत्रमाग. त्यांची धडधड ऐकत वाढलेल्या माणसाला "एकसारखी लय म्हणजे काय?" हे समजावून सांगावं लागत नाही.

पायरी दुसरी: शिकवणारं माणूस

व्हिडिओ बघून शिकता येतं का? थोडंफार येतं. पण व्हिडिओ तुमचा खांदा बघत नाही. माझी शिक्षिका मी शिकायला लागलो तेव्हा २७ वर्षांची होती. पहिल्या तासाला ती सुरांबद्दल काही बोललीच नाही. दर दोन मिनिटांनी एवढंच, "काका, खांदे खाली." मी खांदे कानापर्यंत नेऊन पेटी वाजवत होतो आणि ते मला समजतच नव्हतं.

वयाने लहान गुरू मिळणार हे आधीच मनाशी ठरवा. मी तिला मॅडम म्हणतो, अहो-जाहो करतो, आणि गुरुपौर्णिमेला वाकून नमस्कार करतो. पहिल्या वर्षी ती लाजून उठून उभी राहिली होती. आता सवय झाली दोघांनाही.

शिक्षक निवडताना एक तास नुसते बसून घ्या आणि दोनच गोष्टी बघा. ते तुमच्या आवाजाच्या पट्टीत, म्हणजे तुमच्या गळ्याला झेपेल त्या उंचीच्या सुरात, शिकवतात की सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत हाकतात? आणि तुम्ही चुकलात की थांबवून दाखवतात की "चालू द्या, चालू द्या" म्हणतात? प्रौढ माणसाला दुखवायला नको म्हणून चूक न सांगणारे शिक्षक फार भेटतात. असा मान काय कामाचा! पहिल्याच दिवशी सांगून टाका, "मला रागवा, चालेल."

लहान मुलांच्या तुकडीत बसावं लागलं तर बसा. आठ वर्षांची पोरं अलंकार (सरावाचे सुरांचे तुकडे) आपल्या दुप्पट वेगाने म्हणतात, आणि आपल्याला राग पटकन ओळखता येतो, कारण आपण चाळीस वर्षं रेडिओ ऐकलेला असतो. हिशेब बरोबर होतो.

पायरी तिसरी: आपला सा

या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

पन्नाशीतल्या नवख्यांपैकी बहुतेकांची तक्रार असते, "माझा आवाज वर जात नाही, मी बेसूर आहे." बेसूर क्वचितच असतात. ते दुसऱ्याच्या पट्टीत गात असतात. रेकॉर्डवरचा गायक ज्या सुरात गायला त्याच सुरात आपण गायला जातो. त्याचा गळा कमावलेला, आपला कमावलेला नाही. त्यात वयाप्रमाणे आवाज बदलतो. पाळी गेल्यानंतर बायकांचा आवाज खाली उतरतो, हे अगदी नेहमीचं आहे. सौ. कॉलेजात काळी पाचला गायची, आता पांढरी पाचला गाते (ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं, लगेच सांगतो). तीन सूर खाली. आणि आता गाते ते जास्त गोड लागतं, हे मी तिच्या माघारी लिहितो आहे.

आता पट्ट्यांची नावं. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जथ्यांत असतात. दोनच्या जथ्यात काळी एक आणि काळी दोन. तीनच्या जथ्यात काळी तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढऱ्या सात मोजायच्या. पुढे पुन्हा हेच.

सा शोधायची युक्ती अशी. सकाळी चहा झाल्यावर, घसा मोकळा असताना, पेटीवर मधली एखादी पट्टी धरून "आ" लावा. मग एकेक पट्टी खाली उतरा. जिथपर्यंत आवाज स्वच्छ आहे, घोगरा झालेला नाही, ती शेवटची पट्टी लक्षात ठेवा. तो तुमचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, समजा. तिथून काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून वर पाच पट्ट्या मोजा. पाचवी जी येते तो तुमचा सा. समजा काळी चारवर आवाज थांबला. मग पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. झालं, तुमचा सा काळी एक. आता त्या सा पासून वर चढून बघा. वरच्या सप्तकातला गंधार मानेच्या शिरा न ताणता लागला तर पट्टी बरोबर. नाही लागला तर एक पट्टी खाली या. सर्वसाधारणपणे पुरुषांचा सा काळी एक-काळी दोनच्या आसपास येतो, बायकांचा पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान. पण ह्या आकड्यांवर जाऊ नका. तुमचा गळा सांगेल ते खरं.

मिळालेली पट्टी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. कोणी "वर घ्या, रंगत येईल" म्हटलं तर वही दाखवा.

पायरी चौथी: वाद्य घेणं

लगेच घेऊ नका. दोन महिने क्लासच्या पेटीवर काढा, नाहीतर कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली मागून आणा. सोलापुरात ज्या घरात आजोबा भजन करायचे त्या घरात पेटी असतेच, फक्त तिच्यावर पापडाचे डबे असतात.

मी ही चूक करून बसलो आहे. उत्साहाच्या भरात दुसऱ्याच महिन्यात एक जुनी पेटी घेतली. दुकानदाराने झटपट चार ताना वाजवून दाखवल्या, पॉलिश चकचकीत, मी भुललो. घरी आणली तर भाता सारखा मारावा लागायचा, डावा हात अवघडून जायचा. तिसऱ्या आठवड्यात खर्जाचा एक सूर अडकला तो पट्टी सोडली तरी बोलतच राहिला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुकर लावलाय का तुम्ही?" परत न्यायला गेलो तर "तुम्ही नीट वापरली नाही" असं ऐकून आलो. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा भात्याच्या घडीला चामड्याचे चार जुने तुकडे चिकटवलेले होते.

तेव्हापासून पेटी बघायला कोणासोबत गेलो की मी आधी वाजवत नाही. समोरच्या हवेच्या खुंट्या ओढायच्या (सतत एकच सूर धरणाऱ्या नाहीत) आणि एकही पट्टी न दाबता भाता मारत जायचं. पेटी धड असेल तर काही वेळाने भाता भरतो आणि हाताला विरोध करायला लागतो. तो बिनविरोध आतबाहेर होत राहिला तर हवा कुठूनतरी निसटते आहे. कान लावा, सूं सूं ऐकू येईल. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, हो, प्रत्येक, सावकाश दाबायची. आतल्या सूर देणाऱ्या पितळी पात्यांच्या खर्ज (खालचा सूर) आणि नर (त्याच्या वरचा) अशा दोन ओळी असतील तर एका पट्टीवर दोन सूर एकदम बोलतात. ते एकजीव वाटले पाहिजेत. वांव-वांव अशा लाटा आल्या तर सूर उतरलेला आहे. तो लावून घेता येतो, पण त्याचे पैसे किमतीतून कमी करा.

पट्टी सरकवून सा बदलता येणारी, स्केल चेंजर पेटी नवख्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत. महाग आणि जड. उचलताना कंबर गेली तर सहा महिने सगळंच बंद. साधी, तीन ते साडेतीन सप्तकांची, दोन ओळींची पेटी आयुष्यभर पुरते.

पेटीला नावं ठेवणारेही भेटतील. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, म्हणून ती आपल्या संगीताची नाही, असा जुना वाद आहे. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारच बंद ठेवलं होतं. तेवढ्या वर्षांत भजनातून मात्र ती कोणी उठवू शकलं नाही.

तबला घेणार असाल तर आधी सा ठरवा, मग तबला. तोंड लहान तसा तबला वरच्या सुराचा, तोंड मोठं तसा खालच्या. दुकानदार जो आहे तो गळ्यात मारतो आणि मग आपण आयुष्यभर त्या तबल्याच्या सुरात गात बसतो.

तानपुऱ्यासाठी सुरुवातीला मोबाइलवरचं ॲप पुरे. खऱ्या तानपुऱ्याची हौस असेल तर मिरज फार दूर नाही. आणि एक गंमत सांगतो. मिरजेच्या तानपुऱ्याला जो भोपळा लागतो तो आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरकडे भीमेच्या काठच्या शेतांत पिकतो. आपल्याकडचा भोपळा मिरजेला जाऊन गायला लागतो, तर आपल्याला काय झालंय!

पायरी पाचवी: रोजची वीस मिनिटं

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. या वयात बोटं आणि स्मरण दोन्ही थोडं-थोडं रोज घालतात तेवढंच धरून ठेवतात. वेळ ठरलेली हवी. माझी संध्याकाळी साडेसहाची. लाइट गेली आणि माग थांबले की आणखी दहा मिनिटं फुकटात मिळतात.

पहिली पाच मिनिटं नुसता सा. पेटीवर धरा, गळ्याने मिळवा. कंटाळवाणं वाटेल. तीन आठवड्यांनी एक दिवस असा येतो की गळा आणि पेटी वेगळी ऐकूच येत नाही, पेटी बंद पडली की काय असं वाटतं. मी दचकून पट्टीकडे बघितलं होतं. बोट जागेवरच होतं.

मग अलंकार: सारेग, रेगम, गमप, मपध असे चढत जायचं आणि तसंच उतरायचं. सावकाश. बोटं अडखळतात तिथे वेग वाढवू नका. त्याच वेगात तेवढाच तुकडा दहा वेळा घ्या.

त्यानंतर राग. पहिला राग भूप घ्या. मध्यम नाही, निषाद नाही, सा रे ग प ध एवढेच पाच सूर आणि सगळे शुद्ध. इथे तुम्हाला एक गोष्ट दाखवतो. मला ती कळली त्या रात्री झोप लागली नव्हती.

काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. सा काळी तीन, रे काळी चार, ग काळी पाच, मग पुढच्या सप्तकातली काळी एक म्हणजे प, काळी दोन म्हणजे ध. हा झाला भूप. पांढरीला बोट लावायचं कामच नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, चष्मा नसला तरी सापडतात, चुकायला जागा नाही.

आता त्याच पाच काळ्या पट्ट्या, पण सा काळी एकला माना. रे काळी दोन, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच. हा दुर्गा. पट्ट्या त्याच, पण पहिल्या चार सुरांत हवा बदलते. आता सा काळी पाचला न्या. कोमल गंधार काळी एक, मध्यम काळी दोन, कोमल धैवत काळी तीन, कोमल निषाद काळी चार. मालकंस! काळी चारला सा ठेवलात तर मधमाद सारंगाचे सूर, काळी दोनला ठेवलात तर धानीचे. एकाच पाच पट्ट्यांच्या घरात पाच राग राहतात, आणि कोणाचं दार उघडणार ते आपण सा कुठे धरतो त्यावर. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. मी मॅडमना विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्हाला काळी कुठली तेच कळत नव्हतं, काका."

अर्थात सूर सापडले म्हणजे राग आला असं नाही. कुठे थांबायचं, कशावरून वळायचं ते शिक्षकाकडूनच. पण सा खाली तानपुरा चालू ठेवून ह्या पाच पट्ट्यांवर रोज पाच मिनिटं हिंडा. खेळ म्हणून. नवख्याला "आपण वाजवतोय" ही भावना इथे सगळ्यात लवकर येते.

ताल हातावर शिका, ॲपवर नंतर. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. केरवा आठ: धा गे ना ती, ना क धि ना. भाजी निवडताना, सात रस्त्यावर सिग्नलला थांबलात की, मांडीवर वाजवा. सोळा मात्रांचा त्रिताल हा पुढच्या वर्षीचा.

शरीराचं काय

जमिनीवर बसता येत नसेल तर बसू नका. पेटी टेबलावर, आपण खुर्चीवर, कोपर पट्ट्यांच्या पातळीला. देवाला चालतं. बोटं सकाळी आखडत असतील तर कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा, किंवा सरळ संध्याकाळी वाजवा. दोन नंबरांचा, बायफोकल चष्मा असेल तर वही अशा उंचीवर लावा की मान वर-खाली करावी लागणार नाही. सारखी मान वर-खाली करून मानेचं दुखणं लागतं. मी अलंकार स्केच पेनने इंचभर अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. पाहुणे विचारतात, नातवाचे आहेत का.

कानांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. ज्यांनी वर्षानुवर्षं मागांच्या आवाजात काम केलंय त्यांनी एकदा कान तपासून घ्यावेत. वयाने आणि गोंगाटाने आधी वरचे, बारीक सूर ऐकू यायचे कमी होतात. बोलणं कळतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. आमच्या मंडळात एक काका तारसप्तकात हमखास कणसूर (किंचित बेसूर) व्हायचे. सगळे गळ्याला दोष देत होते. निघाला कान. यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी ते गायलेच नाहीत, टाळांची किणकिण ऐकत नुसते बसून राहिले.

गाताना छाती दडपली, घसा दुखला तर थांबा. जेवून लगेच गाऊ नका. घसा खरवडून "साफ" करण्यापेक्षा घोटभर पाणी.

पायरी सहावी: चार माणसांत

सहा महिने झाले की एकट्याने वाजवणं थांबवा. म्हणजे घरी करा, पण आठवड्यातून एकदा माणसांत जा. एकट्याचा रियाज आरशासमोर उभं राहण्यासारखा. दुसऱ्याच्या लयीत आपली लय मिळते तेव्हा जे होतं ते वेगळंच.

सोलापुरात यासाठी शोधाशोध करावी लागत नाही. हे शाहीर राम जोशींचं गाव. एका पेठेत मराठी अभंग, शेजारच्या गल्लीत तेलुगू भजन, पलीकडे कन्नड वचनं. श्रावणात आणि एकादशीला कुठलं ना कुठलं देऊळ गात असतंच. मी पूर्व भागातल्या एका तेलुगू भजनात वर्षभर पेटी धरली. शब्द एक कळत नव्हता. शेजारचे मामा बोटाने वर-खाली दाखवायचे, मी त्या बोटावर वाजवायचो. चुकलो की ते मान हलवून हसायचे, आणि शेवटी प्रसादाचा दुसरा द्रोण मला.

मंडळात गेल्यावर काही गोष्टी सांभाळा. पट्टी मुख्य गाणारा ठरवतो, तुम्ही नाही. वारकरी भजनात ती बरीच वर असते. तुमचा गळा तिथे जात नसेल तर खालच्या सप्तकात म्हणा, कोणालाही खटकत नाही. तिथे ओरडून गळा बसवून घेणारे नवखे मी दर आषाढीला बघतो. पेटीवाला आधीच असेल तर त्याच्या शेजारी बसा, त्याच्या जागी नाही. तो एक दिवस गावाला जाईल आणि मंडळ तुमच्याकडे बघेल. माझी सुरुवात तशीच झाली, त्याच्या भाचीच्या लग्नामुळे. आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळ चुकला तर थांबू नका. ओठ हलवत राहा, पुढच्या समेला पुन्हा पकडा.

ऐकायलाही जा. हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्याचा कार्यक्रम लागला की मी पेटीवाल्याचा हात दिसेल अशी कडेची जागा धरतो. गाणं कानाने, पेटी डोळ्याने.

परीक्षा द्यावी का?

हौस असेल तर द्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद. प्रारंभिकला माझ्या शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी होती. तिने मला विचारलं, "तुम्ही कोणाला घेऊन आलात?" मी म्हटलं, "मीच आलोय." तिने तिच्या डब्यातला अर्धा लाडू दिला. प्रवेशिकेनंतर मी थांबलो. तारखेच्या धास्तीने भूपाची मजा जायला लागली होती.

पेटीची काळजी: उन्हाळा, पावसाळा, उंदीर

सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की लाकूड आकसतं, भेगा पडतात. तबल्याचं कातडं ताणून सूर चढतो. पावसाळ्यात उलट: तबला उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. तबला उतरला तर बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोकून सूर वर घ्या, उन्हात ठेवून तापवू नका. आणि मे महिन्यात सगळे करतात ती चूक करू नका. गार वाटतं म्हणून कूलरसमोर बसून पेटी वाजवू नका. कूलरची ओली हवा भात्यातून थेट आत जाते. माझ्या पेटीची पांढरी चार त्याच्यामुळेच महिनाभर मुकी होती. पंखा लावा, घाम पुसा.

उंदरांना भात्याचं चामडं आवडतं. पेटीच्या पेटाऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवा, पेटीच्या आत नाही. वाजवून झालं की एक पट्टी दाबून भात्यातली हवा जाऊ द्या, भाता मिटवून त्याची कडी लावा, खुंट्या आत ढकला. वरून जाड कापड हवं. त्यासाठी प्लास्टिकचं कव्हर विकत आणू नका, आत दमट होतं. एक जुनी चादर घडी करून टाका. ती तरी आपल्याकडे शोधावी लागत नाही.